निळ्या डब्याचा फोटो

५ सप्टेंबर २०१७, मंगळवार

आज गणपती गेले. मिरवणुकीमुळे दुपारनंतर दुकानात चिटपाखरू नाही, म्हणून बऱ्याच दिवसांनी वही काढली.

मारेगावात दुकान टाकल्याला उन्हाळा आणि पावसाळा होत आला. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका. बाबा यवतमाळहून फोन करतात तेव्हा अजून एकदा तरी विचारतातच, 'गौरी, कॉम्प्युटरचा डिप्लोमा झेरॉक्स काढायला केला होता का?' मी हसून सोडून देते. गाळा त्यांच्याच मित्रानं दिलाय, हे ते सोयीस्कर विसरतात. बाबारावकाकांचं कृषी केंद्र माझ्या गाळ्याला लागूनच आहे. बी-बियाणं, खत, फवारणीची औषधं. मधली भिंत एकच. मी राहतेही त्यांच्याच घरी, माडीवरच्या खोलीत. कुंदाकाकू दोन्ही वेळा खालून हाक मारतात आणि मी न जेवता झोपले तर सकाळी बोलत नाहीत. गाळ्याचे कागद करायचे का विचारलं तर काका म्हणाले, "चंद्रशेखरची पोरगी म्हंजे माहीच पोरगी. कागद कायले पायजे?"

गेल्या महिन्यात कॉम्प्युटरवरची विंडोज काढून लिनक्स टाकलं. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून इतके व्हायरस यायचे की आठवड्यातून एकदा मशीन झोपायचं. आता ती कटकट गेली, दुसरी आली. लोक पेनड्राइव्ह सरळ ओढून काढतात. लिनक्समध्ये फाइल कॉपी झालेली दिसते, पट्टी पूर्ण भरते, तरी माल बराच वेळ मशीनच्या मेमरीतच असतो. 'काढतो आहे' असं सांगितलं की मग ते घाईघाईनं सगळं पेनड्राइव्हवर लिहून टाकतं. ताटात वाढलेलं दिसतं, पण घास पोटात गेलेला नसतो. मी भिंतीवर पाटी लावली आहे : 'पेनड्राइव्ह स्वतः काढू नये.' लोक पाटी वाचतात आणि ओढतात.

१४ सप्टेंबर, गुरुवार

आज फार वाईट झालं आणि चूक माझी आहे.

सकाळी रुपाली आली. ती पलीकडच्या पोडावरची, कोलामांच्या वस्तीवरची, आशा वर्कर. कामाची आहे, पण बोलायला लागली की श्वास घेत नाही. आज मात्र हळू बोलत होती. त्यांच्या पोडावरचा मारोती परवा फवारताना पडला. तो रोजानं फवारणीला जातो आणि परवा बाबारावकाकांच्याच वावरात होता. यंदा पराटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याच्या वर गेली आहे. आत शिरलं की माणूस दिसत नाही आणि वर मारलेला फवारा सगळा अंगावर येतो. दुपारी त्याला उलट्या सुरू झाल्या, मग दिसेना, मग अंग थरथरायला लागलं. काकांनीच गाडी करून त्याला यवतमाळच्या दवाखान्यात पोचवलं. त्याची बायको रुखमाबाई सोबत आहे.

"डॉक्टर म्हंते, कोनतं औषध होतं थे सांगा," रुपाली म्हणाली. "काका म्हंते साधंच होतं, नेहमीचं. त्याच्यावरच इलाज चालू हाय. पन ताई, म्या संध्याकाळी वावरात गेलती. गवताच्या खोपडीपाशी दोन डबे होते. एक नेहमीचा. एक निळा, त्याच्यावर आपल्या भाषेत नाई लिवलेलं. म्या दोन्हीचे फोटो काढले. आज सकाळी पुन्हा गेली, तं डबे नाईत. कोनं उचलले कोनास ठाऊक."

तिचा जुना टचफोन, नेट धड चालत नाही, कार्ड भरलेलं. ती म्हणाली, ताई, सगळे फोटो कार्डावरून काढूनच घ्या, मले जागा पायजे, आता रोज कोनी ना कोनी पडून राह्यलं. दुपारी दवाखान्याकडे जीप जाणार होती, त्यात पेनड्राइव्ह आणि प्रिंट द्यायचे होते. मी कार्ड लावलं. फोटो 'कट' केले, पेनड्राइव्हवर 'पेस्ट' केले. पट्टी भरली. कार्ड नीट, सांगून काढलं आणि तिला दिलं. प्रिंटरमध्ये कागद लावायला वळले तेवढ्यात लाइन गेली.

कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहे, तो चालूच राहिला. फक्त पंखा आणि प्रिंटर बंद. काका मघापासून दारात उभे राहून आमचं ऐकत होते. ते आत आले. मी प्रिंटरची वायर इन्व्हर्टरच्या बोर्डात लावायला टेबलाखाली वाकले होते. वर आले तर पेनड्राइव्ह टेबलावर आणि त्याच्या जागी काकांच्या मोबाइलची वायर.

"मोबाइल बंद पडून राह्यला होता वं," काका म्हणाले. "हे थोडं बाजूले ठेवलं. काही झालं का?"

मी पुन्हा लावला. पेनड्राइव्ह उघडेना. 'माउंट करता आलं नाही' एवढंच. दोन-तीनदा लावून पाहिला. मग उघडला तर फोल्डर रिकामा, आणि एका फाइलीचं नाव चौकोन आणि प्रश्नचिन्हांचं. रुपाली माझ्याकडे बघत होती. जीप पेनड्राइव्ह न घेताच गेली.

काका बिचारे ओशाळले. त्यांना काय कळतं यातलं. कट न करता कॉपी करायला हवं होतं. हे मी लोकांना शिकवते.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळपासून त्याच्याच मागे. आधी पेनड्राइव्ह 'फक्त वाचता येईल' अशा अवस्थेत लागत होता. डागडुजीचा हुकूम आहे, एफएससीके, तो चालवला. त्यानं विचारलं, दुरुस्त करू का? मी 'हो' म्हटलं. आणि प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणत गेले. शेवटी म्हणालं, सगळं ठीक आहे. उघडून पाहते तर दोन-चार तुकडे, नावं नसलेले, शून्य आकाराचे.

दुपारी मोबाइलवर वाचलं तेव्हा कळलं, आधी पूर्ण पेनड्राइव्हची जशीच्या तशी प्रत काढून ठेवायची असते आणि हात लावायचा तर त्या प्रतीला. पेशंटवर नाही. मी पेशंटवरच हात चालवला.

काका दोनदा येऊन गेले. "सोडून दे पोरी. म्या सांगतलं ना डॉक्टरले, साधंच औषध होतं. मी नवी पेनड्राइव्ह आनून देतो तुले, थे फेकून दे."

मला त्यांच्या चांगुलपणाचंच वाईट वाटतं. मारोती त्यांच्या वावरात पडला म्हणून ते रोज दवाखान्यात फोन करतात. रुखमाबाईसाठी काकूंनी डबा आणि चादर पाठवली.

१६ सप्टेंबर, शनिवार

यवतमाळला जाऊन आले. रुपालीसोबत, एसटीनं.

वॉर्डात पलंगांच्या मधेही गाद्या टाकल्या आहेत. सगळे फवारणीचे. काहींच्या डोळ्यांवर पट्ट्या. मारोतीचे हात पलंगाला बांधले होते, कारण तो नळ्या उपटतो. वय फार नसावं, दाढीत एकही पांढरा केस नाही. तो कोलामीत काहीतरी बोलत होता, एकच गोष्ट परत परत. मी रुखमाबाईला विचारलं, काय म्हणतो?

"म्हंते, पंप भरून दे." तिनं त्याच्या तोंडावरची माशी हाकलली. "वावरातच हाय तो अजून."

डॉक्टर तरुण होता, डोळे सुजलेले. रुपालीनं निळ्या डब्याचं सांगितलं. तो म्हणाला, "मालक म्हणतात एकच औषध होतं. त्याच्यावरचा उतारा देतोय, पण पेशंटची लक्षणं त्यात बसत नाहीत. उतारा जास्त देणंही धोक्याचं आहे. डबा आणा, नाहीतर लेबल दाखवा. रंग सांगून मला कळत नाही."

परतताना एसटीत मी रुपालीला म्हटलं, "तुला नक्की आठवतं ना? संध्याकाळची वेळ होती. काकांचंच वावर आहे, त्यांना माहीत नसेल का काय दिलं ते?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ताई, तेच तं."

मला तिचा राग आला. आत्ता लिहिताना कळत नाही, का आला.

१८ सप्टेंबर, सोमवार

या वेळी शहाणपणानं केलं. पेनड्राइव्हची पूर्ण प्रत काढली आणि त्या प्रतीत फोटो शोधणारा प्रोग्राम चालवला. आधीच्या गिऱ्हाइकांचं सगळं निघालं. कोणाची टीसी, कोणाच्या साखरपुड्याचे फोटो, एका शाळेची वेळापत्रकं. रुपालीचं एकही नाही. म्हणजे तिचे फोटो पेनड्राइव्हवर कधी पोचलेच नव्हते. मशीनच्या मेमरीत होते, पेनड्राइव्ह ओढला तेव्हा तिथेच मेले. चार दिवस मी रिकाम्या विहिरीत दोर सोडत होते.

दुपारी इन्व्हर्टर बंद. पाहते तर बॅटरीच नाही. काका म्हणाले, पाणी कमी झालं होतं, सर्व्हिसिंगले पाठवली, दोन-तीन रोजात येते. मला न सांगता कशी पाठवली, असं मनात आलं. मग वाटलं, गाळा त्यांचा, बॅटरी त्यांची, ते माझ्या भल्यासाठीच करतात. लाइन तर दिवसातून चार वेळा जाते, त्यामुळे आज काम झालंच नाही.

कृषी केंद्रातही साफसफाई काढली आहे. वरची रॅक पूर्ण रिकामी, धुऊन पुसून. दिवाळी तर अजून महिनाभर लांब आहे.

संध्याकाळी बाबांचा फोन. "बाबाराव म्हणत होता, तू नसत्या भानगडीत पडली आहेस. तो माणूस तुझ्यासाठी किती करतो. त्याला दुखवू नकोस."

मी म्हटलं, यात त्यांना दुखवण्यासारखं काय आहे?

बाबा म्हणाले, "काही नाही. आपलं दुकान बघ."

१९ सप्टेंबर, मंगळवार

भाकरी खाताना एकदम सुचलं आणि घास हातातच राहिला. फोटो पेनड्राइव्हवर पोचले नाहीत, पण कार्डावर तर होते! मी कट केले म्हणजे कार्डानं फक्त त्यांची नावं खोडली. फोटो जागेवरच असतात, जोपर्यंत त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोपर्यंत. आणि कार्ड रुपालीच्या फोनमध्ये आहे. गुरुवारपासून.

लगेच फोन केला. "रुपाली, फोटो काढू नकोस. एकही नको. फोन बंद कर."

"काढले ना ताई. रोजच काढून राह्यली. नव्या पेशंटांचे, त्यांच्या डब्यांचे. तुमीच तं जागा करून दिली."

मग फोनमधून कार्ड काढून आणायला सांगितलं. ती दुपारी सायकलवर आली, कार्ड डब्बीत, डब्बी ब्लाउजात. घामानं चिंब. मी लाइन असेपर्यंत कार्डाची प्रत काढायला बसले. प्रत निम्मी झाली आणि लाइन गेली. मशीन फट्दिशी बंद. मी टेबलावर डोकं टेकलं. रुपाली पावतीपुस्तकानं वारा घालत राहिली, मला की कॉम्प्युटरला ते देव जाणे.

कार्डाला काही झालं नाही. आपण फक्त वाचत होतो, लिहीत नव्हतो, हे तिला समजावलं. मला स्वतःलाही.

काका आले तेव्हा रुपाली बाकावर होती. "आता काय चालू हाय?" मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "जातीचा दाखला काढायचा हाय, काका."

ते गेल्यावर मी विचारलं, खोटं काहून बोललीस?

"तुमी नाई बोलत ना, म्हनून," ती म्हणाली.

मनात एक गोष्ट आली आहे. ती इथेही लिहिणार नाही. ज्या घरचं अन्न खाते त्या घराबद्दल असं मनात आणणंही बरं नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार

घटस्थापना. काकूंनी घट मांडला, मला ओवाळायला बोलावलं. मी डोकं दुखतं म्हणून गेले नाही. नंतर काकू ताट घेऊन वर आल्या. दारात उभ्या राहिल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं, ताट ठेवलं आणि गेल्या.

मशीन मी काल रिक्षात घालून रुपालीच्या ओळखीच्या शिक्षिकेकडे नेलं. तिथे इन्व्हर्टर आहे. काकांना सांगितलं, मशीन बिघडलं, दुरुस्तीला नेते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोलले आणि ते त्यांनी लगेच मानलं. उलट खूश झाले. "हो हो, ने. आरामात आन."

कार्डाची प्रत झाली. शोध चालू केला. फोटो निघायला लागले, एकाखाली एक, नावं नाहीत, नुसते आकडे. रुपालीची पोरगी पाटावर. लसीकरणाची रांग. कुणाचा भाजलेला पाय. नवीन पेशंट. मग वावर. खोपडी. बाभळीचं झाड.

आणि डबा. फोटोचा वरचा अर्धा भाग स्वच्छ, निळा, त्यावर पानाचं चित्र आणि तेलुगूसारखी गोल अक्षरं. खालचा अर्धा भाग सपाट राखाडी. त्या जागेवर दुसरा फोटो लिहिला गेला आहे. औषधाचं नाव आणि प्रमाण जिथे लिहिलेलं असतं, नेमकं तिथे राखाडी.

तो डबा मी पाहिला आहे. काकांच्या दुकानात, वरच्या रॅकवर. पाण्याचा जार उतरवायला मी स्टुलावर चढले होते तेव्हा हाताला लागला होता.

जे लिहिणार नाही म्हटलं होतं ते हेच.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

मिळाला.

रुपालीनं त्याच डब्याचे बरेच फोटो काढले होते, अंधार पडत होता म्हणून. बहुतेक अर्धे, काही नुसते राखाडी. एकात डबा आडवा पडलेला, थोडा हललेला, पण पूर्ण. मोठा करून पाहिला. लेबलाच्या खाली बारीक इंग्रजीत औषधाचं नाव वाचता आलं. अतिविषारी औषधावर असतो तो लाल त्रिकोण दिसला. बाजूला दुसरा, नेहमीचा डबा. दोन्ही एकाच बादलीशेजारी. म्हणजे दोन्ही एकत्र कालवून फवारलं.

तिथूनच माझ्या फोनवर घेतला आणि डॉक्टरांना पाठवला. मग रुपालीला. मग बाबांनाही, काही न लिहिता.

डॉक्टरांचा फोन आला. मी खुर्ची सोडून उभी राहिले. ते म्हणाले, "बरं झालं पाठवलंत. उतारा कमी करतो लगेच."

मी विचारलं, आता बरा होईल ना?

"या दुसऱ्या औषधावर उतारा नाही," ते म्हणाले. "आधार देत राहायचं, शरीर काढेल तितकं बाहेर काढतं. पहिल्या दिवशी कळलं असतं तर श्वासाच्या मशीनवर लवकर घेतलं असतं, नागपूरला हलवलं असतं. आता छातीत पाणी आहे." मग म्हणाले, "तुम्ही वेळेत दिलं नाही असं म्हणत नाही मी. सगळ्यांचंच तसं चाललंय. कोणीच सांगत नाही काय फवारलं ते."

बाबांचा फोन आला नाही.

२४ सप्टेंबर, रविवार

मारोती पहाटे गेला.

रुपालीनं फोनवर सांगितलं. रुखमाबाई रडत नाही, असंही ती म्हणाली. शववाहिकेत बसताना तिनं काकूंनी दिलेली चादर घडी करून वॉर्डातल्या दुसऱ्या बाईला दिली.

खाली काका देवघरासमोर बसले होते. मी जिन्यातून उतरले तेव्हा त्यांनी मान वर केली. डोळे लाल. खरंच रडले होते. मला वाटलं होतं, मी त्यांना विचारेन. एवढंच विचारलं, "पोडावर येता का?"

"मी कोन्या तोंडानं येऊ वं," ते म्हणाले.

मी एकटीच गेले. पोडावरच्यांनी मारोतीला पुरलं. पाऊस नव्हता, पण माती ओली होती. पुरुषांनी आळीपाळीनं फावडं घेतलं. त्यातले दोघं डोळ्यांना गमछा लावून होते. मला आधी वाटलं रडतात. नंतर कळलं, त्यांना उजेड सहन होत नाही. तेही फवारायला जातात.

४ ऑक्टोबर, बुधवार

चौकशी. कृषी खात्याचे साहेब आणि एक जमादार. तालुक्यातल्या बऱ्याच दुकानांत फिरत आहेत. फोटो डॉक्टरांकडून त्यांच्याकडे गेला होता. माझा जबाब घ्यायला दुपारी येणार होते.

त्याआधी काका आले. बाकावर बसले. पहिल्यांदाच परवानगी विचारल्यासारखे बसले.

"गौरी, त्या दिवशी लाइन गेलती ना?"

"गेली होती."

"मंग लाइनीनंच झालं असन थे. तेवढंच सांग. खोटं नाई सांगून राह्यलो मी तुले. लाइन गेलतीच."

मी म्हटलं, "काका, डबा कुठून आणला होता?"

"त्या सीमेपलीकडून पोट्टे चोरून आनतात. सगळेच इकतात. बोंडअळी मरते लवकर, लोक मागतात. मले काय मालूम मानूस मरन म्हनून? माह्या सोताच्या वावरात मारलं ना म्या थे. दुसऱ्याच्या नाई." ते रडायला लागले. "डॉक्टरले सांगतलं असतं तं लायसन गेलं असतं. मले वाटलं उतरून जाईन त्याचं. उतरते लोकाईचं."

बाबांचाही फोन आला, बरोबर त्याच वेळी. मी उचलला नाही.

साहेबांनी विचारलं, पेनड्राइव्ह खराब कसा झाला? मी म्हटलं, लाइन गेली होती. काका दारात उभे होते, त्यांचे खांदे सैल पडलेले मला दिसले. मी पुढे म्हटलं, पण कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू होता. पेनड्राइव्ह बाबारावकाकांनी काढला. रुपाली फोटोंबद्दल बोलत होती तेव्हा ते दारात होते.

जमादारानं लिहून घेतलं. "मुद्दाम काढला का?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नाही. त्यांचा मोबाइल तेव्हा बंद पडत होता की नव्हता, हे मी पाहिलं नाही.

सही केली. 

१० ऑक्टोबर, मंगळवार

कृषी केंद्राला सील लागलं. काकांना पोलिसांनी नेलं, दुसऱ्या दिवशी जामिनावर सोडलं. मला कोणी खालून जेवायला हाक मारत नाही. मीही उतरत नाही. दुकानातच चहा-पोह्यांवर दिवस काढते. गिऱ्हाईक कमी झालं आहे. एकजण झेरॉक्स काढता काढता म्हणाला, "आता तुमच्या दुकानात कोन येईन म्याडम? फोटो काढून पोलिसात द्यान."

११ ऑक्टोबर, बुधवार

काकू आज वर आल्या. दार लावून घेतलं. मला वाटलं बोलतील, शिव्या देतील. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि माझी सुकलेली साडी घेऊन घडी घालत राहिल्या.

"तू खरं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मी तुला काही म्हणत नाही."

मी साडीचं दुसरं टोक धरलं.

"डबे मी आणले वावरातून. त्या रात्री नाही, सकाळी अंधार असताना. यांनी सांगितलं म्हणून. मागच्या जुन्या आडात टाकले. रॅकवरचेही. मला वाटलं, दुकानाचा प्रश्न आहे. माणसाचा आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही." त्यांनी साडीची घडी मोडली, पुन्हा घातली. "मीच त्याच्या बायकोला डबा पाठवत होते बघ. भाजी नीट करायची, तेल बेतानं. आजारी माणसाजवळ बसलेली बाई म्हणून."

मग पदरानं तोंड पुसून उठल्या. आवाज एकदम रोजचा झाला. "गाळा महिनाअखेरीस रिकामा कर. खोलीही. तू समोर असलीस की ते जेवत नाहीत. आणि मला त्यांच्यासोबतच राहायचं आहे."

त्या आडाला खालून झरा आहे का, त्याचं पाणी कुठे जातं, ते मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. हे कोणाला सांगायचं, सांगायचं का, तेही ठरत नाही. काकूंनी मला सांगितलं ते पोलिसांना सांगण्यासाठी, की फक्त कुणाला तरी सांगण्यासाठी?

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

साहेबांना फोन केला. आडाचं सांगितलं. काकूंचं नाव घेतलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. संध्याकाळी माणसं आली, दोर सोडून डबे वर काढले. एक सोडून सारे निळे. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

सामान हलवलं. एसटी स्टँडजवळ एका टेलरच्या दुकानात अर्धी जागा मिळाली आहे. बाबा आले होते मदतीला, न सांगता. वायरी गुंडाळत होते, चुकीच्या गुंडाळत होते. निघताना म्हणाले, "बाबाराव माझ्याशी बोलत नाही आता."

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मला एवढंच माहीत होतं की तो घाबरला आहे," बाबा म्हणाले. "कशाला, ते मी विचारलं नाही."

आम्ही दोघं मिळून कॉम्प्युटर उचलला.

६ नोव्हेंबर, सोमवार

रुपालीसोबत पोडावर गेले होते. रुखमाबाईला सरकारकडून मदत मिळायची आहे, त्यासाठी तिचा फोटो काढायचा होता. पोडावर ती नव्हती. शेजारणीनं हात दाखवला, वावरात गेली म्हणे, वेचणीला.

कापूस फुटला आहे. बांधावरून चालत गेलो. बाभूळ दिसली, खोपडी दिसली, तेव्हा मला कळलं आपण कोणाच्या वावरात आलो ते. रुपालीला आधीच कळलं होतं, ती मागे थांबली. पराटी अजून डोक्याइतकी उंच, पण पानं लाल पडलेली. आत बाया होत्या, कंबरेला ओट्या बांधलेल्या. त्यात रुखमाबाई. दोन्ही हातांनी वेचत होती, भरभर.

कृषी केंद्राचं सील निघणार असं गावात बोलतात. मी ते तिला सांगायला आले नव्हते. तिला सगळं माहीत असणार.

"रुखमाबाई," मी म्हटलं, "इथं काहून? दुसरीकडं नाही का काम?"

ती थांबली नाही. बोंडातून कापूस ओढला, ओटीत टाकला. हात चिरलेले होते.

"काहून वं पोरी," ती म्हणाली, "दुसऱ्याच्या वावरात का दूध फवारलं हाय?"

 ओटी जड झाली होती, ती तिनं एका हातानं सावरली आणि पराटीच्या पुढच्या ओळीला लागली.